निघता निघेना

'कातणे' हे एकच क्रियापद मराठीत दोन धंद्यांच्या कामी येते. सूत कातले जाते आणि लाकूडही कातले जाते. त्यांपैकी सूत कातणाऱ्याचा चरखा थेट इतिहासात जाऊन बसला. लाकूड कातणारा कातारी मात्र शब्दकोशाच्या पानातच राहिला. आमचे सर तासाला एखाद्या लेखकाची शैली 'कातीव' आहे असे म्हणतात, तेव्हा वर्गातले बाकीचे डोळ्यांसमोर काय आणतात कोण जाणे! मला मात्र गरगर फिरणारे लाकूड, त्यावर टेकलेली गोल पटाशी आणि अंगभर उडणाऱ्या ढलप्या दिसतात. शैलीला हे सगळे सोसत असेल का, अशी शंकाही येते. पण हा लेख शैलीविषयी नाही. तो पाचेक इंच लांबीच्या एका लोखंडी तुकड्याविषयी आहे, जो चार दिवस आमच्या घरी मुक्काम ठोकून बसला होता.

आमचे घर सावंतवाडीचे, आणि सावंतवाडीची चितार आळी म्हटली की लाकडी फळे, खेळणी, पाट आणि रंगीत लाखेचे काम ओघाने आलेच. आमच्या घरी हे काम आजोबांपासून. आजोबांच्या वेळी लाकूड फिरवायला दोरी असे. एकाने दोरी ओढायची, दुसऱ्याने हत्यार धरायचे. हत्यार धरणारे आजोबा. आणि दोरी ओढणारे माणूस म्हणजे सातवीतून शाळा सुटलेले आमचे बाबा. पुढे मोटार आली आणि दोरी गेली. मला दोरी ओढावी लागली नाही म्हणून मी आज दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसून 'कातीव' हा शब्द ऐकू शकतो, इतका या गोष्टीचा माझ्या शिक्षणाशी संबंध आहे.

गेल्या वर्षी बाबांनी जुना पण मोठा लेथ घेतला. कोल्हापूरकडचा एक कारखाना बंद झाला, त्यातला. पतसंस्थेचे कर्ज काढले, आणि मोठे मामा जामीन राहिले. आमचा घरचा जुना लेथ आंबा, केळे, भोवरे एवढ्यापुरता ठीक होता. पण त्यावर फूटभरापेक्षा लांब लाकूड चढत नसे. नव्यावर पुरुषभर उंचीचा खांबही चढतो. यंत्र आले त्याच महिन्यात देव्हाऱ्यांचे काम आले. तीस देव्हारे, प्रत्येकाचे चार खांब, म्हणजे एकशेवीस खांब, आणि ते चतुर्थीच्या आत. त्या पैशांत तीन हप्ते फिटणार होते.

ज्यांनी लेथ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लांब पलंगासारखी एक लोखंडी बैठक असते. डाव्या अंगाला मोटारीने फिरणारे डोके, उजव्या अंगाला पुढेमागे सरकणारी शेपटी. कारखान्यात तिला टेलस्टॉक म्हणतात. लाकूड या दोहोंच्या मध्ये धरायचे. टेलस्टॉकमध्ये एक पोकळ नळी असते. मागचे चाक फिरवले की ती आतल्या आट्यांच्या दांड्यावरून पुढे येते किंवा मागे जाते. या नळीच्या तोंडात एक अणकुचीदार सेंटर बसवलेले असते, आणि त्याची अणी लाकडाच्या टोकात रुतून त्याला आधार देते. इतकेच.

आमच्या यंत्राबरोबर आलेले सेंटर न फिरणाऱ्या जातीचे होते. लाकूड फिरते, सेंटर जागच्या जागी. पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाचे लहान खेळणे असेल तर मेणाचा बोळा लावून भागते. पण शिवणीचा दीड फुटी खांब त्यावर चढवला की टोकाशी आधी चरचर आवाज, मग करपल्याचा वास, मग धूर. लाकूड जळून खड्डा मोठा होतो आणि अणीची पकड ढिली पडते. तिसऱ्याच खांबाला हे झाले. खांब सुटला आणि बाबांच्या खांद्याला लागून भिंतीवर आदळला. खांदा आठ दिवस काळानिळा होता. चार बोटे वर लागला असता तर, हे वाक्य आमच्या घरात कोणी पुरे केले नाही.

यावर उपाय सोपा होता. बेअरिंगवर लाकडाबरोबर फिरणारे सेंटर मिळते. बाबांनी बाराशे रुपये मोजून ते कोल्हापुराहून मागवले. आता जुने काढायचे आणि नवे घालायचे. आणि जुने निघेना.

ते का निघेना हे समजण्यासाठी ते बसते कसे हे पाहावे लागते. त्याला आटे नाहीत, खिट्टी नाही, स्क्रू नाही. सेंटरची दांडी किंचित निमुळती असते, आणि नळीचे तोंड आतून तितकेच निमुळते. दांडी आत सारून हाताने दाबली की काम झाले. अमेरिकेत स्टीफन मोर्स नावाच्या कारागिराने १८६३ साली पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले आणि १८६४ मध्ये न्यू बेडफर्ड या गावी कारखाना निघाला. त्याच्या नावाचा निमुळतेपणा आज दीडशे वर्षांनंतरही जगभरच्या यंत्रांत वापरतात. कारखान्यातले लोक त्याला नुसते 'मोर्स टेपर' म्हणतात. त्याचे शून्यापासून सातपर्यंत क्रमांक आहेत. आमच्याकडे दोन नंबर. या टेपरमध्ये वीस मिलिमीटर लांबीला जाडी जेमतेम एक मिलिमीटर कमी होते. म्हणजे एका बाजूचा उतार दीड अंशही भरत नाही. लोखंडावर लोखंड आपसूक घसरायला त्याच्या कितीतरी पट उतार लागतो. म्हणून एकदा दाबलेली दांडी आपण होऊन सुटत नाही. उलट लाकूड जितके रेटते तितकी ती आत घट्ट होत जाते. सारी करामत त्या घासटीची आहे, आणि सारा घोटाळाही तिथलाच.

काढण्याची सोय मात्र यंत्रातच करून ठेवलेली असते. चाक उलटे फिरवत नळी पार मागे घ्यायची. आतला आट्यांचा दांडा नळीबरोबर मागे जात नाही, तो जागेवरच असतो; त्यामुळे शेवटी शेवटी त्याचे टोक सेंटरच्या शेपटीला टेकते आणि तिला पुढे ढकलते. टक् असा आवाज होतो आणि सेंटर हातात येते. म्हणून एक हात सेंटरखाली धरायचा असतो, नाहीतर अणी फरशीवर पडून बोथट होते किंवा पायावर पडून होत नाही.

आम्ही चाक उलटे फिरवले. नळी मागे गेली, अगदी टेकली, चाक थांबले. टक् नाही की फक् नाही.

पहिल्या दिवशी तेल झाले. गंज सोडवायचे तेल फवारून रात्रभर ठेवले. आमच्या कोकणातल्या पावसाळ्यात पोळपाटावरसुद्धा बुरशी येते, मग लोखंडाचे काय! गंजाला मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि फटीत जागा नसली की तोच पाचरीचे काम करतो. त्यात सेंटरच्या कडेला हातोड्याचे जुने ठसे दिसत होते. आधीच्या मालकाकडे कोणीतरी ते ठोकून बसवले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा चाक. नाही.

तिसऱ्या दिवशी सल्ले सुरू झाले. आमच्या आळीत यंत्र कमी आणि यंत्र जाणणारे जास्त. गॅरेजवाले काका म्हणाले, सेंटरच्या तोंडावर नट वेल्ड करा आणि खेचून काढा. शेजारच्यांचे मत पडले की पाइपपान्याने पकडून पिळावे. एका शहाण्याने ड्रिलने पोखरून काढायचे सुचवले; पण सेंटरला पाणी दिलेले असते, ते ड्रिललाच पोखरील. यांतल्या कुणाचेही चूक होते असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाने आपापल्या धंद्यात तसे करून काहीतरी काढलेलेच होते. परंतु आमची अडचण वेगळी होती. आम्हांला सेंटर नको होते, नळी हवी होती. पाइपपान्याचे दात नळीत रुतले असते तर ती टेलस्टॉकमध्ये पुन्हा सरळ सरकली नसती. आणि यंत्रावरची बनावटीची पट्टी कधीच झिजून गेलेली. नळी बिघडली तर दुसरी मागवायची कोणाकडून?

चौथ्या दिवशी रविवार होता आणि मोठे मामा आले.

मामांचा स्वभाव धडाडीचा. त्यांनी एकदा टेलस्टॉककडे पाहिले, एकदा बाबांच्या खांद्याकडे पाहिले, आणि सदरा काढून खुंटीला लावला.

"रे झिला, घण हाड," ते मला म्हणाले. "लोखंड मऊ बोलान आयकना नाय."

त्यांचा विचार असा, की सेंटरवर बाजूने दोनचार घाव घातले की ते हलेल, आणि हलले की निघेल. हलले असते हे खरे. पण बाजूचा घाव सेंटरला लागतो तसा नळीलाही लागतो. नळी सुताभरानेही वाकली तर दोन्ही टोके समोरासमोर येणार नाहीत, आणि मग दीड फुटी खांब एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. मी बाबांकडे पाहिले. बाबा गप्प. त्यांना हे माझ्याहून चांगले ठाऊक होते. पण कर्जाच्या कागदावर मामांची सही होती, आणि जामीन राहिलेल्या मेव्हण्याच्या हातातला घण काढून घेणे हे कोणत्याही सेंटर काढण्यापेक्षा अवघड काम आहे. बाबांनी खांदा चोळला आणि पायरीकडे बघत राहिले.

मी घण आणला नाही. "मामा, आदी आतून बघूया. ता कशाक अडाकला ताच आमका म्हायत नाय," असे म्हणालो. मामांनी माझ्याकडे असे पाहिले, की बी.ए.च्या वर्गात हेच शिकवतात का! वातावरण तापणार तोच आतून आईचा आवाज आला, "दादा, च्याय थंड होता. ये बघू." तिने भावाला आत नेऊन चहाबरोबर गरम घावने वाढायला घेतले. घावने एकेकच होतात, ही त्यांतली सोय. त्या दिवशी तिने किती घातले ते मोजले नाही, पण आम्हांला पाऊण तास मिळाला.

टेलस्टॉक आम्ही बैठकीवरून सोडवून खळ्यात पोत्यावर आणला. नळी फिरू नये म्हणून खालून एक स्क्रू असतो, तो ढिला केला आणि चाक पुढच्या दिशेने फिरवत राहिलो. शेवटी नळी दांड्याच्या आट्यांवरून सुटली आणि सेंटरसकट अख्खी बाहेर आली. तिच्या मागच्या भोकातून मोबाइलचा उजेड टाकला. सेंटरच्या दांडीला मागे जी चपटी जीभ असायला हवी ती नव्हतीच. करवतीने सपाट कापलेली होती. करवतीच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

म्हणजे गेले चार दिवस आम्ही ज्या दांड्याने सेंटर ढकलत होतो, तो सेंटरला शिवतच नव्हता. हवेलाच ढकलत होता. बाबा पहिल्यांदा हसले. त्यांनी कापलेल्या जागेकडे पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "कोणीतरी इंचभर जागा वाचवल्यान."

हे त्यांनी कसे ओळखले ते त्यांनी नंतर सांगितले. शेपटी पूर्ण असली की नळी पार मागे जाऊ शकत नाही. त्याआधीच सेंटर सुटून पडते. कुणाला तरी लांब लाकूड चढवायचे असणार, जागा कमी पडत असणार. त्याने शेपटी कापली. त्याचे लाकूड बसले. काढायचे कसे, हा प्रश्न त्याने पुढच्या माणसावर सोडला, आणि पुढचा माणूस आम्ही.

सायकलची तार भोकात घालून आम्ही माप घेतले. नळी पूर्ण मागे असताना दांडा सुमारे पंधरा मिलिमीटर तोकडा पडत होता. तेवढा तुकडा आत टाकला की झाले, असे मला वाटले. बाबा म्हणाले, नाही, मोठा कापूया. कारण असे की तुकडा जेमतेम असेल तर तो टेकेपर्यंत नळी सगळी बिडाच्या खोळीत जाऊन बसेल, आणि तिला हातही लावता येणार नाही. तुकडा साठ मिलिमीटर जास्त घेतला तर नळीचे तोंड तेवढे बाहेर असतानाच दाब बसेल. एका जुन्या बोल्टचा पंचाहत्तर मिलिमीटरचा तुकडा आम्ही कापला, दोन्ही टोके कानशीने सपाट केली, आडवा होऊ नये म्हणून ग्रीस फासून आत सारला आणि नळी पुन्हा दांड्यावर चढवली. चाक उलटे फिरवले. या वेळी चाक थांबले ते वेगळ्या तऱ्हेने. आधी ते भिंतीला टेकल्यासारखे थांबत होते, आता कशाला तरी रेटून थांबले. हा फरक हाताला कळतो. कागदावर मला तो यापेक्षा नीट मांडता येत नाही.

तरी सेंटर हलले नाही. चाकाला पाइप लावून आणखी जोर करण्याचा मोह झाला, पण ते चाक बिडाचे. बीड वाकत नाही, एकदम फुटते. बाबांनी हात वर केला. रवांदे.

तेवढ्यात आई पाणी प्यायला देण्यासाठी बाहेर आली. तिने दाबात उभे असलेले ते सगळे पाहिले आणि विचारले, "पेले एकात एक अडाकले काय आमी हातोडो मारतंव?"

स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले, की बाहेरच्यावर गरम पाणी आणि आतल्यात थंड, हे कोणत्या घरात ठाऊक नसते? ते पेलेसुद्धा निमुळतेच असतात. दोन नंबरचा मोर्स टेपर आमच्या मोरीत रोज घासला जात होता, आणि आम्ही त्याला कधी त्या नजरेने पाहिले नव्हते.

मी मासळी बाजारातून मूठभर बर्फ आणला. तो फडक्यात बांधून सेंटरच्या अणीवर धरला. नळीच्या बाहेर आलेल्या अंगाला पोत्याची चिंधी गुंडाळली आणि तिच्यावर किटलीतून उकळते पाणी धार धरून सोडले. मी नंतर वहीत हिशेब केला. नळीचे भोक तोंडाशी सुमारे अठरा मिलिमीटरचे; ते साठ अंशांनी तापले तर रुंदी वाढते एक शतांश मिलिमीटरच्या थोडी वर. डोळ्याला दिसणारही नाही. पण एकास वीसच्या उतारावर तेवढी मोकळीक म्हणजे लांबीच्या दिशेने पाव मिलिमीटर. सेंटरला सुटायला एवढे पुष्कळ होते, कारण मागून दांडा रेटून उभाच होता. दुसरी किटली संपत आली. बाबांनी लाकडी हातोडीने नळीच्या अंगावर एक हलकी टिचकी दिली, भोवरा तपासताना देतात तशी.

टक्.

सेंटर फडक्यातल्या बर्फासकट माझ्या हातात आले. त्याला बांगड्याचा वास येत होता.

मामा तोंड पुसत बाहेर आले तेव्हा बाबा नळीच्या तोंडात बोट घालून आतून चाचपत होते. एके ठिकाणी लांब ओरखडा लागला, बाकी साफ. बाबांनी कापडाची सुरळी करून आत फिरवली, गंज पुसला, तेलाचा हलका हात दिला आणि तोही पुसून काढला. नव्या सेंटरच्या दांडीवर खडूची रेघ ओढून ते आत घातले, थोडे फिरवले आणि काढून पाहिले. रेघ वरपासून खालपर्यंत सारखी पुसलेली होती, ओरखड्यापाशी तेवढी राहिली होती. मामांनी जुने सेंटर उचलले, उलटसुलट केले, कापलेल्या शेपटीवर अंगठा फिरवला.

"मेलो खरो," ते त्या अनोळखी माणसाला म्हणाले. मग सदरा घातला. घणाचा विषय निघाला नाही, आणि आम्हीही काढला नाही. जाताना त्यांनी बाबांना विचारले की खांब किती झाले. बाबा म्हणाले, दोन. मामांनी मान हलवली आणि तिसऱ्याचे लाकूड त्यांनी स्वतः बैठकीपर्यंत उचलून आणून दिले.

त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत पाच खांब उतरले. चरचर नाही, धूर नाही. बोल्टचा तुकडा बाबांनी नळीतून काढून खिळ्याला टांगून ठेवला आहे. नव्या सेंटरला त्याची गरज नाही, पण फेकवत नाही. रोज काम संपले की बाबा सेंटर काढतात, पुसतात आणि डब्यात ठेवतात. जुने त्याच डब्यात खाली आहे. एकशेविसावा खांब चतुर्थीच्या नऊ दिवस आधी उतरला. त्याला लाखेचा पहिला हात मी दिला, कारण बाबा तोवर उरलेल्या लाकडाचे भोवरे चढवायला जुन्या लेथकडे गेले होते.